न धुता आणलेले पाय

आमच्या मंडळीत वर्षातून एकदा पाय धुतात, आणि त्या दिवशी अख्ख्या भिवंडीत सगळ्यात स्वच्छ पाय आमच्या बारा जणांचे असतात. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पास्टर गुडघे टेकतात आणि बारा माणसांचे पाय धुतात, कारण येशूने शिष्यांचे धुतले होते. आता त्या शिष्यांना आधी कोणी कळवलं नव्हतं, त्यामुळे ते बिचारे धुळीचे पाय घेऊनच जेवायला आले होते. आमच्या लोकांना मात्र आठवडाभर आधी कळतं. मग दगडाने टाचा घासणं काय, नखं कापणं काय! मागच्या वर्षी लूमवरच्या बाबूने पायाला पावडर थापली होती. पास्टरांनी वरून पाणी ओतलं आणि त्याचं पिठलं झालं. ती बादली मलाच घासावी लागली.

मी विनिता. कामतघरला माझी खानावळ आहे, लूमच्या दोन्ही शिफ्टची माणसं माझ्याकडे जेवतात. मूळची नगरकडची, जन्माची ख्रिस्ती आणि तोंडाची फटकळ. मंडळीत मला पद काही नाही, पण बादल्या, टॉवेल, सतरंज्या, चहा आणि भांडणं ही सगळी खाती माझी.

आमचं चर्च म्हणजे एक बंद पडलेला लूमचा कारखाना. जमिनीवर तेलाचे डाग तसेच आहेत, आणि शेजारचा कारखाना चालू असला की प्रार्थना ओरडून करावी लागते. देव काही बहिरा नाही, पण शेजारी चोवीस लूम आहेत! या वर्षी मालकाने सांगून टाकलं होतं, मेअखेर जागा खाली करा. कुठे जायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

आमचे पास्टर रामनाथ. नाव रामनाथ, नोकरी येशूची. बाप्तिस्म्याच्या वेळी कोणीतरी म्हणालं नाव बदला, तर हे म्हणाले, रेशनकार्डावर कोण बदलून देणार? आधी लूममास्टर होते. माणूस वाईट नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना बरंच काही बोलणार आहे.

तर या फेब्रुवारीत आमच्याकडे शेजारच्या पूर्णा गावचे केसरीनाथशेठ यायला लागले. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता तीन गोडाऊन उभी आहेत, एकेकात क्रिकेटचे सामने होतील एवढी. त्यांच्या बायकोच्या, बायजाबाईंच्या पोटात दुखायचं. पास्टरांनी प्रार्थना केली आणि त्याच आठवड्यात ठाण्याच्या डॉक्टरने पित्ताचे खडे काढले. खडे डॉक्टरने काढले आणि श्रेय येशूला मिळालं. डॉक्टरची काही तक्रार नव्हती, त्याची फी त्याला पोचली होती.

पहिल्या रविवारी शेठ आले तेव्हा काय झालं सांगू? पास्टरांचा उपदेश चालू होता, आणि विषय कुठला, तर सोन्याची अंगठी घालून आलेल्याला खुर्ची आणि फाटक्या कपड्यांतल्याला जमीन असं देवाच्या घरात चालणार नाही. शास्त्रातलाच भाग आहे, मी लहानपणी पाठ केलेला. पास्टर अगदी रंगात आले होते. तेवढ्यात दारात पांढरी स्कॉर्पिओ थांबली आणि शेठ आत आले. गळ्यात बोटाएवढी जाड चेन, दोन्ही हातांत मिळून आठ अंगठ्या. पास्टर वाक्य अर्धं सोडून म्हणाले, "शेठ, या या, पुढे या! अरे, खुर्ची द्या कोणीतरी!"

आणि खुर्ची कोणी दिली? मी. धावत जाऊन.

नंतर चहा देताना सगळ्यांना प्लास्टिकचे कप आणि शेठना माझ्या लग्नातली कपबशी. माझ्या आज्याला नगरच्या हॉटेलात बाहेर खिळ्याला टांगलेला वेगळा कप मिळायचा. त्या कपाच्या रागानेच तो ख्रिस्ती झाला. त्याची नात इथे शेठसाठी वेगळी कपबशी पुसत उभी होती, आणि मला तेव्हा ते सुचलंसुद्धा नाही. कारण शेठनी त्याच रविवारी त्यांच्या गोडाऊनच्या वॉचमन-हमालांसाठी माझ्याकडे चाळीस डबे लावले होते. आणि पास्टरांना म्हणाले होते, "गोडाऊनमधला एक गाळा रिकामा हाय. तुमच्या प्रार्थनेला बघू काय जमतंय." मंडळीला छप्पर आणि मला चाळीस डबे. मग शेठची सरबराई करायला कोण मागे राहणार?

आता बुधीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

बुधी डोंगराकडच्या पाड्यावरची. पूर्ण्याला एका गोडाऊनमध्ये खोकी भरायचं काम करते आणि रविवारी दोन तास चालून उपासनेला येते. तिचा बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली होती. ज्या दिवशी बाप्तिस्मा झाला, त्या दिवसापासून तिच्या बापाने, चिंतूबाबाने, तिच्या घरचं पाणी प्यायचं बंद केलं. राहतो समोरच्या झोपडीत. बुधीच्या पोरीला खेळवतो, तिच्या अंगणात बसतो, तिच्या छपराचा पेंढा बदलून देतो. पण तहान लागली की उठतो आणि स्वतःच्या झोपडीत जाऊन पाणी पितो. भर उन्हाळ्यात वीटभट्टीवरून आलेला म्हातारा तिने पुढे केलेला तांब्या हाताने बाजूला सारतो. बुधी हे सांगताना रडायची नाही, पण तिचा आवाज इतका बारीक व्हायचा की मला पुढे वाकून ऐकावं लागायचं. आई लहानपणीच गेलेली, जगात बाप तेवढा एक.

म्हाताऱ्याचं भांडण येशूशी नव्हतंच. तो म्हणायचा, "तुमचा पाद्री बोलतो, सगळी माणसं सारखी हायेत. साफ खोटं! साठ वर्सं मी बघतोय. मोठा माणूस कधी माझ्यासारख्याच्या पायाला हात लावल काय? एकाने माझे पाय धुऊन दाखवू दे. त्या दिवशी तुझ्या घरचं पाणी पितो."

बुधीने हे मला जानेवारीत सांगितलं. मी तशीच पास्टरांकडे गेले. पास्टर खुश! म्हणाले, "अगं, आपल्याकडे तर विधीच आहे तो. बारावी खुर्ची तुझ्या चिंतूबाबाची. मी स्वतः धुतो." मी बुधीला निरोप दिला तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले आणि किती वेळ सोडलेच नाहीत. म्हातारा तयार झाला होता. येतो म्हणाला होता.

गुरुवारी सकाळी मी पीठ मळत होते. पास्टर आले, स्टुलावर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"विनिताताई, आज शेठना बोलावलंय. पाय धुण्याचा विधी आहे, तुम्हाला मोठा मान देतोय म्हटलं. लगेच हो म्हणाले."

"बोलवा की. पण बारा तर भरलेत."

"तेच. बारावी खुर्ची शेठना देऊ. म्हाताऱ्याला पुढच्या वर्षी."

"बुधीला काय सांगू?"

"सांग काहीतरी. साधे लोक आहेत, रागवत नाहीत. गाळ्याचा विचार कर, ताई. मे महिना आला."

त्याच क्षणी परातीतला गोळा त्यांच्या तोंडावर मारायला पाहिजे होता. नाही मारला. मी "बरं" म्हणाले. एवढंच. बुधीच्या गोडाऊनपर्यंत रिक्षाने अर्धा तास लागतो. जाऊन सांगितलं असतं तर तिने बापाला आणलं नसतं, निदान त्याचा तमाशा झाला नसता. पण चाळीस डबे भरायचे होते. खोटं कशाला बोलू, डबे नसते तरी मी गेले नसते. कुठल्या तोंडाने जाणार होते?

जाता जाता पास्टर म्हणाले, "आणि शेठसाठी एक बरीशी खुर्ची बघ."

मंडपवाल्या लडकूकडून आम्ही बारा प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने आणतो. त्याला म्हटलं, त्यातली एक चांगली दे. त्याने लग्नातली नवरदेवाची खुर्ची पाठवून दिली! लाल मखमल, हातांच्या जागी दोन सोनेरी सिंह, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. परत पाठवायला वेळ नव्हता.

पाच वाजता अकरा जण येऊन बसले. पाय असे चकाचक की धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाबूने या वर्षी पावडर लावली नव्हती, मोजे घालून आला होता, रस्त्यात धूळ लागू नये म्हणून. आणि मग बुधी आली, तिच्यामागून चिंतूबाबा. बुटका, काटकुळा म्हातारा, कमरेला पंचा, अंगात धुऊन वाळवलेला शर्ट. आणि पाय? वीटभट्टीचा चिखल घोट्याच्या वरपर्यंत, वाळून तडे गेलेला. टाचांच्या भेगांत रुपयाचं नाणं उभं राहिलं असतं.

"ताई, मी बोलली त्याला पाय धू," बुधी शरमून म्हणाली. "आयकत न्हाय."

"तुम्ही धुवायलाच बोलावलंय ना?" म्हातारा म्हणाला. "मग घरून धुवून कशाला येऊ? उद्या जेवायला बोलवाल, तर काय जेवून येऊ?"

तीस वर्षांत हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हातारा सरळ गेला आणि एकच खुर्ची रिकामी होती तिच्यावर, म्हणजे नवरदेवाच्या खुर्चीवर, जाऊन बसला. पाय जमिनीला टेकेनात. दोन्ही सिंहांवर हात ठेवून त्याने इकडेतिकडे बघितलं. बुधी समोर सतरंजीवर बसली होती आणि एवढी हसत होती की मी तिच्याकडे बघायचंच टाळलं. पास्टरांनी मला डोळ्यांनी विचारलं, हा इथे कसा? मी मुकाट्याने बादलीत पाणी ओतायला लागले.

विधी सुरू झाला. पास्टर एकेकाचे पाय धुवत पुढे सरकत होते, मी मागून तांब्या आणि टॉवेल घेऊन. मनात म्हणत होते, शेठ न येवोत. पंक्चर होवो. रस्त्यावर ट्रक आडवा पडो. गुरुवारी असली प्रार्थना करू नये, पण केली. पायांचा अकरावा जोड पुसून झाला आणि पास्टर चिंतूबाबासमोर आले, खाली वाकले, आणि बाहेर स्कॉर्पिओचा हॉर्न वाजला.

पास्टर ओल्या हातांनी ताडकन उभे राहिले.

"काका," ते हळूच म्हणाले, "तुम्ही जरा खाली बसता का? इथे, सतरंजीवर. माझ्या पायाशी बसा."

आणि म्हातारा उठला.

त्याने का म्हणून विचारलं नाही. तोंड वाकडं केलं नाही. इतका पटकन उठला, की जणू त्याला आधीपासून माहीतच होतं, बसल्या क्षणापासून तो उठायची वाट बघत होता. साठ वर्षांची सवय होती ती. मखमलीवर मातीचा डाग पडला होता, तो त्याने पंच्याच्या टोकाने पुसला. मग बुधीकडे बघून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बघलंस?" जिंकल्याचा आनंदसुद्धा नव्हता त्या आवाजात. बुधीने पिशवी उचलली आणि खाली मान घालून उभी राहिली.

माझं डोकं फिरलं.

"पास्टर!" मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या लूमच्या खटखटाटातही मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "ह्या माणसाला उठवलंत? देवाच्या घरात? हॉर्न वाजला म्हणून? दीड महिन्यापूर्वी ह्याच जागेवर उभं राहून काय सांगत होता, अंगठीवाला नि फाटकावाला? लाज वाटते का थोडी? ही बादली तुमच्या डोक्यावर उपडी करीन, सांगून ठेवते!"

मला सगळ्यांत जास्त राग माझाच आला होता, पण तो काढायला पास्टर समोर होते. मी बादली उचलली, म्हाताऱ्यापुढे आणून आपटली आणि खाली बसले. "बाबा, बसा तुम्ही. मी धुते तुमचे पाय."

चिंतूबाबाने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तू न्हाय गो बाय. तू खानावळवाली. मोठा माणूस बोललो होतो मी."

बाबू फिसकन हसला. मी बसल्या जागी लाल झाले.

पास्टरांचा चेहरा तोवर पार उतरला होता. ते पुढे आले, हात जोडले. "काका, चुकलो मी. माफ करा. बसा परत, मी धुतो."

"आता तू बी न्हाय," म्हातारा म्हणाला. रागाने नाही, हिशोब समजावून सांगावा तसं. "मघाशी मोठा होतास तू. मग गाडी वाजली नि उठलास. मोठा माणूस कुणासाठी उठत न्हाय, बाकीचे त्याच्यासाठी उठतात. मोठा तो हाय." आणि त्याने दाराकडे बोट केलं.

दारात शेठ उभे होते. अंगावर पांढरा झब्बा, खांद्यावर नवाकोरा टॉवेल, दोन्ही हातांत तांब्याचं चकचकीत घंगाळ. मागे बायजाबाई पितळेची परात घेऊन. त्यांच्यामागे हळदीच्या शूटिंगचा फोटोग्राफर, त्याने कॅमेऱ्याचा लाइट भसकन लावला आणि आम्ही सगळे डोळ्यांवर हात धरून उभे.

"उशीर झाला, पास्टर," शेठ म्हणाले. "ह्या फोटोवाल्याला उचलून आणायला कल्याणला गेलो होतो. बोला, कोणाचे धुवायचेत?"

पास्टरांना काही कळेना. "शेठ, तुम्ही नाही... तुम्ही बसायचं. ही खुर्ची तुमच्यासाठीच आहे. तुमचे पाय मी धुणार."

शेठनी खुर्चीकडे बघितलं, सिंहांकडे बघितलं. "माझे? माझे कशाला धुताय? मी काय नवरा हाय? तुम्ही बोललात, पाय धुण्याचा विधी हाय, मान तुम्हाला. आमच्याकडे लग्नात पोरीचा बाप जावयाचे पाय धुतो. मान धुणाऱ्याचा असतो! बसून धुवून घ्यायला काय लागतं? बसायला तर कोणपण बसल!"

येशूलासुद्धा हेच म्हणायचं होतं बहुतेक.

"मला दोन पोरगे," शेठ पुढे म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "पोरगी न्हाय. चारही भावांनी जावयांचे पाय धुतले, मी एकटा बाजूला उभा राहायचो. ही बोलली, जा, येशूने तुमची हौस आयकली. घंगाळ नवीन घेतलं मी. आता सांगा, कोण बसतंय?"

अकरा जणांचे पाय धुऊन, पुसून कोरडे झाले होते. मी चिंतूबाबाकडे बोट केलं. शेठनी त्याच्या पायांकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बापरे." मी बघत होते, त्यांचं नाक थोडं वर गेलं होतं. पण लाइट चालू होता आणि कॅमेरा फिरत होता, मागे हटणार कसे? त्यांनी एकेक करून आठही अंगठ्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा एवढं सोनं माझ्या मुठीत आलं, आणि तेही धरायला! चिंतूबाबा पुन्हा मखमलीवर बसला.

शेठ गुडघे टेकून बसले. पोट आडवं येत होतं, बायजाबाईंनी पाठीला हात लावला. पहिल्या घंगाळाचं पाणी चहासारखं झालं. दुसरं मी ओतून आणलं, तेही तसंच. तिसऱ्या पाण्याला एका पायाची कातडी दिसायला लागली, आणि तेव्हा इतका वेळ शेठच्या टकलाकडे बघत बसलेला म्हातारा खाली वाकून म्हणाला, "तू पूर्ण्याच्या राघोचा पोर ना रं?"

शेठनी वर बघितलं. "व्हय."

"तरीच बोलतो, कपाळ वळखीचं हाय. तुमच्या खाचरात मी लावणीला यायचो. तू एवढासा होतास, बांधावर बसून रडायचास. तुझी आय पाणी द्यायची आम्हाला. वरून ओतायची, ओंजळीत. भांडं न्हाय लावू द्यायची तोंडाला." भाताचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात तो हे बोलला. "बाय चांगली होती. पाणी गार असायचं."

शेठचा हात थांबला. म्हाताऱ्याचा पाय त्यांच्या तळहातावर तसाच होता. बायजाबाई जमिनीकडे बघायला लागल्या. फोटोग्राफर मूर्ख, तो कॅमेरा घेऊन आणखी जवळ आला.

"लाइट बंद कर," शेठ म्हणाले.

"शेठ, शॉट भारी मिळतोय."

"बंद कर बोललो ना!"

लाइट गेला. शेठनी पुन्हा पाण्यात हात घातला. "व्हय," ते म्हणाले. "ओतायची. मी बघलंय." माफीबिफी काही मागितली नाही.

"दुसरा पाय राहिला," चिंतूबाबा म्हणाला आणि त्याने तो पुढे केला.

दुसरा पाय शेठनी हळूहळू धुतला. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात अंगठा घालून, भेगांतली माती निघेपर्यंत. कॅमेरा बंद असताना. मी रडत होते. सांगायला लाज कसली? एका हातात तांब्या, दुसऱ्या मुठीत आठ अंगठ्या घट्ट धरून भोकाड पसरलं होतं मी, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

म्हातारा खुर्चीवरून उतरला. तेलकट जमिनीवर दोन-तीन पावलं टाकून बघितली, जणू दुकानात नवीन चप्पल घालून बघतोय. मग बुधीकडे वळला.

"चल घरी," तो म्हणाला. "तहान लागली."

इथे हंडाभर पाणी भरून ठेवलेलं होतं. बाबू तांब्या भरून द्यायला निघाला, मी त्याचा शर्ट धरून मागे ओढला. बुधी आणि तिचा बाप दोन तासांच्या वाटेला लागले, तहानलेलेच.

पुढचे तीन दिवस मी खानावळीत येईल त्याला ही गोष्ट सांगितली. पास्टरांना मी कसं झापलं ते रंगवून, बादलीसकट. लोक पोळी हातात धरून ऐकायचे. शनिवारपर्यंत माझ्या गोष्टीत बादल्या दोन झाल्या होत्या. खरं सांगायचं तर मला स्वतःचं भारी कौतुक वाटायला लागलं होतं. शेवटी तोंड कोणी उघडलं? मीच ना?

ईस्टरच्या रविवारी पास्टरांनी सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितली. शेठ सतरंजीवर बसले होते. उठवायला दोन माणसं लागली, पण बसले. मी त्यांना प्लास्टिकच्या कपात चहा दिला, तर त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. गाळ्याचे कागद वकिलाकडे आहेत म्हणतात.

उपासना संपल्यावर मी आणि बुधी सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. बुधीचा चेहरा सुटीच्या दिवसासारखा मोकळा होता. गुरुवारी घरी पोचल्यावर बाप दोन तांबे पाणी प्यायला, मग त्याने भाकरी मागितली, मग तिच्या पोरीला कुशीत घेऊन तिथेच आडवा झाला.

"मग आता बाप्तिस्मा घेतो काय?" मी विचारलं.

"मी बी विचारलं," बुधी हसायला लागली. "बोलला, पाणी बोललो होतो, येशू न्हाय बोललो."

मीही हसले. मग मला राहवेना. एवढी ती माझ्यावर माया करत होती आणि मी तीन दिवस शहाणपणा मिरवत होते. म्हटलं, "बुधी, एक सांगू? मला गुरुवारी सकाळीच माहीत होतं. पास्टर मला सांगून गेले होते. मी बरं म्हणाले. तुला सांगायलाही आले नाही."

बुधीने घडीचं टोक धरून ठेवलं. रागावली नाही.

"ताई," ती म्हणाली, "तू सगळ्यांच्या घरी प्रार्थनेला जातेस ना?"

"जाते."

"बाबूकडे जातेस. शेठकडे दोनदा जाऊन आलीस. माझा बा तीन वर्सं माझ्या घरचं पाणी न्हाय प्यायला, ते तू सगळ्यांना सांगतेस." तिने सतरंजी माझ्या हातात दिली. "तू कधी प्यायलीस?"

मी तोंड उघडलं. पाडा लांब आहे, खानावळ बंद ठेवता येत नाही, माझे गुडघे दुखतात, सगळं जिभेवर होतं. मी सतरंजी ढिगावर ठेवली.

"पुढच्या रविवारी येते," शेवटी म्हणाले. "उपासना झाली की तुझ्याबरोबरच निघते."

"ये की," बुधी म्हणाली. "पण नक्की सांग. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागतं, एक हंडा जास्तीचा आणून ठेवीन."